वऱ्हाडचा उष्मा आणि मानवी देहाचे तापमान : सुलतानपूर-लोणार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

मानवी देह सुमारे ३७ अंश सेल्सिअस हे आंतरिक तापमान कायम राखण्याचा सतत प्रयत्न करतो. ही क्षमता कशी कार्य करते आणि ती कोठे संपते, यासंबंधीचे ज्ञान गेल्या चार शतकांत क्रमाक्रमाने विकसित झाले. प्रस्तुत निबंधात या ज्ञानाचा इतिहास बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर-लोणार परिसर व एकूण वऱ्हाड प्रांत यांच्या संदर्भात मांडला आहे. देशी परंपरेतील उष्मानिवारणाचे उपाय, पाश्चात्त्य प्रयोगशाळेतील संशोधन, वसाहतकालीन वैद्यकाची दृष्टी आणि दुष्काळी कामांवरील मजुराचे वास्तव या चार अंगांनी विषयाचा विचार केला आहे. उष्म्याचे शास्त्र प्रगत झाले, तथापि उघड्या रानात राबणाऱ्या देहापर्यंत त्याचे संरक्षण फार उशिरा व अपुरे पोहोचले, असे या विवेचनातून दिसून येते.

प्रस्तावना :

सुलतानपूर हे मेहकर ते लोणार या मार्गावरील गाव होय. पूर्वी मेहकर तालुक्यात आणि आता लोणार तालुक्यात समाविष्ट असलेला हा परिसर वऱ्हाडच्या बालाघाट विभागात मोडतो. वऱ्हाडचे मेळघाट, पायनघाट आणि बालाघाट असे तीन नैसर्गिक विभाग परंपरेने मानले जातात. बुलढाणा जिल्ह्यातील जनता आजही 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' तालुके असा भेद करते. खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णा खोऱ्याचा प्रदेश घाटाखाली येतो, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा प्रदेश घाटावर येतो.

या भेदास उष्णतेचाही संदर्भ आहे. उंची वाढते तसे हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते. पूर्णा खोरे आणि लोणारचे पठार यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचे अंतर आहे, म्हणजे घाटावर साधारण दोन अंशांचा दिलासा मिळतो. इंग्रजी अमलात जिल्ह्याचे ठाणे घाटाखालच्या संपन्न कापूस बाजारपेठेत न राहता घाटमाथ्यावरील बुलढाणा या थंड हवेच्या गावी राहिले, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे. मात्र दोन अंशांचा दिलासा म्हणजे सुरक्षितता नव्हे. चैत्र-वैशाखात घाटावरची काळी जमीनही तापते, भेगाळते आणि दुपारच्या झळा माणसाला घराबाहेर टिकू देत नाहीत. राज्यकर्त्यास आपले ठाणे उंचावर नेता आले, परंतु शेतमजुरास आपले काम उचलून सावलीत नेता आले नाही. या विषमतेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य हेतू आहे.

उष्णता आणि तापमान : संकल्पनांचा विकास

व्यवहारात उष्णता आणि तापमान हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रदृष्ट्या मात्र उष्णता ही ऊर्जा आहे आणि तापमान ही त्या ऊर्जेच्या वहनाची दिशा ठरविणारी पातळी आहे. हा भेद स्पष्ट करण्याचे श्रेय स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांना दिले जाते. इ.स. १७६० च्या सुमारास त्यांनी अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली. बर्फ वितळताना किंवा पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, परंतु तापमान वाढत नाही, हे त्यांनी दाखविले. मानवी देहाच्या संरक्षणाचे मर्म याच तत्त्वात दडलेले आहे.

देहाच्या मापनाचा आरंभ त्याही पूर्वी झाला होता. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी तापदर्शक नळीचा वैद्यकात उपयोग केला. त्यांनी अनेक वर्षे तराजूला टांगलेल्या आसनावर बसून स्वतःचे वजन, अन्न आणि मलमूत्र यांचा हिशेब ठेवला. खाल्लेल्या अन्नाच्या मानाने मलमूत्राचे वजन बरेच कमी भरते आणि उरलेला भाग त्वचा व श्वास यांवाटे नकळत निघून जातो, असा निष्कर्ष त्यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर फॅरनहाइट (१७२४) आणि सेल्सिअस (१७४२) यांच्या मापनश्रेणी अस्तित्वात आल्या.

इ.स. १७७४ मध्ये लंडन येथे जॉर्ज फॉर्डाइस आणि चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी केलेले प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. अतिशय तापविलेल्या कोरड्या खोलीत ही मंडळी काही मिनिटे उभी राहिली. त्याच हवेत मांसाचा तुकडा शिजून निघाला, परंतु माणसांच्या शरीराचे तापमान जवळपास पूर्वीइतकेच राहिले. सजीव देह उष्णता केवळ सहन करीत नाही, तर ती बाहेर टाकतो, हे यावरून सिद्ध झाले. मात्र हे सामर्थ्य हवा कोरडी असताना आणि अल्पकाळापुरतेच टिकते, ही मर्यादा पुढे अधिक स्पष्ट झाली.

या इतिहासात उष्ण कटिबंधाचाही वाटा आहे. जर्मन वैद्य युलिउस रॉबर्ट मायर हे १८४० मध्ये जहाजावरील शल्यचिकित्सक म्हणून जावा बेटावर गेले. तेथे खलाशांच्या शिरेतील रक्त अपेक्षेपेक्षा अधिक तांबडे असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. उष्ण हवेत देहाला ऊब टिकविण्यासाठी कमी ज्वलन करावे लागते, म्हणून रक्तातील प्राणवायू कमी खर्च होतो, असा अर्थ त्यांनी लावला. अन्न, श्रम आणि उष्णता यांची सांगड घालणाऱ्या या विचारातून १८४२ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व त्यांनी मांडले. पुढे १८६८ मध्ये कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ३७ अंश हा निरोगी देहाचा मानदंड रूढ झाला. त्याच सुमारास टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंच लांबीचा सुटसुटीत ज्वरमापक तयार केल्याने हे मापन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले.

देहातील उष्णतेचा जमाखर्च

देहातील उष्णतेचा व्यवहार जमाखर्चाच्या वहीसारखा मांडता येतो. अन्नाच्या ज्वलनातून उष्णता जमा होते आणि वहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन या चार मार्गांनी ती खर्च होते. विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीच्या देहात सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण होते. साठ किलो वजनाच्या देहाचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे २१० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे खर्चाचे सर्व मार्ग बंद झाले, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान तासाला पावणेदोन अंशांनी वाढेल. खणणे, खडी फोडणे यांसारख्या कष्टाच्या कामात ४०० वॅट किंवा त्याहून अधिक उष्णता निर्माण होते. अशा वेळी धोक्याची पातळी गाठण्यास अर्धा तासही पुरेल.

उष्ण हवेत त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत वारा आणि प्रारण देहाची उष्णता वाहून नेतात. हवा त्याहून तप्त झाली की प्रवाह उलटतो. वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो आणि तापलेली जमीन, दगड व सूर्य प्रारणाने त्यात भर घालतात. वऱ्हाडातील उन्हाळी दुपारी हीच स्थिती असते. अशा वेळी खर्चाचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. खोदकाम करणाऱ्या मजुरास केवळ स्वतःच्या श्रमाची उष्णता टाकण्यासाठी तासाला सुमारे ६०० मिलिलिटर घाम वाळवावा लागतो. उन्हाची आणि झळांची भर याहून वेगळी असते.

येथे 'वाळवावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. निथळून जमिनीवर पडणारा घाम देहाला थंड करीत नाही. हवेत आर्द्रता असेल तर घाम येतो, परंतु त्याची वाफ होत नाही. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींतील निरीक्षणांवरून १९०५ मध्ये दाखवून दिले, की साध्या तापमापकापेक्षा ओल्या फुग्याच्या तापमापकाचा आकडा मनुष्याच्या सहनशक्तीशी अधिक जुळतो. स्थिर हवेत हा आकडा सुमारे ३१ अंशांपलीकडे गेला की देहाचे तापमान वाढू लागते, असे त्यांना आढळले. शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये ३५ अंश ही सैद्धांतिक सीमा सुचविली होती. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत आर्द्र हवेतील प्रत्यक्ष सीमा ३१ अंशांच्या आसपास असल्याचे दिसले. एका शतकानंतर शास्त्र हॉल्डेन यांच्या आकड्याजवळ परत आले, असे म्हणता येईल.

देहाचे आंतरिक तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन भ्रम, बेशुद्धी किंवा झटके सुरू झाले की त्यास उष्माघात म्हणतात. त्वचेकडे अधिक रक्त पाठविताना आतड्यांचा व मूत्रपिंडांचा पुरवठा घटतो, हृदयावर ताण येतो आणि अखेरीस पेशींची रचनाच बिघडते. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रुग्णास त्वरित सावलीत नेऊन थंड पाण्याने भिजविणे, शक्य तर पाण्यात बसविणे आणि वारा घालणे हाच मुख्य उपचार होय. ज्वरातील तापशामक गोळी येथे उपयोगी पडत नाही. ज्वरात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी उंचावतो, तर उष्माघातात पातळी तीच असते, पण देह ती राखण्यास असमर्थ ठरतो.

लोणारचा शोरा, वाळा आणि माठ : देशी परंपरा

उष्मानिवारणाचा विचार या भूमीत प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दाहाच्या प्रकारांचे विवेचन करताना उष्ण वारा आणि ऊन यांनी पीडित झालेल्यांसाठी शीत उपचार सांगितले आहेत. आयुर्वेदातील ग्रीष्म ऋतुचर्येत व्यायाम कमी करणे, मधुर व द्रव आहार घेणे, दुपारी थंड जागी विश्रांती घेणे यांचा समावेश आहे. श्रम घटविल्याने देहातील उष्णतेची जमा कमी होते आणि द्रव आहाराने घामाची तूट भरून निघते, हे आजच्या शास्त्राशी सुसंगत आहे.

सुलतानपूरच्या शेजारील लोणारचा या इतिहासाशी एक वेगळा संबंध आहे. अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारच्या सरोवराचा उल्लेख येतो. तेथे काच व साबण बनविण्याचे द्रव्य मिळते आणि शोरा तयार होऊन त्यापासून महसूल प्राप्त होतो, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र, शाही जलखान्याचे वर्णन करताना, शोऱ्याने पाणी थंड करण्याची रीत दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकून त्यात पिण्याच्या पाण्याची तोंड बांधलेली सुरई काही वेळ फिरवीत, म्हणजे आतील पाणी थंड होई. शोरा पाण्यात विरघळताना सभोवतालची उष्णता शोषून घेतो, हे यामागील कारण होय. बंदुकीच्या दारूत आग भडकविणारे द्रव्य येथे थंडावा देते, याचे कौतुक त्या काळच्या लेखकासही वाटले होते. लोणारचा शोरा दरबारी जलखान्यात पोहोचत होता असा याचा अर्थ नव्हे. परंतु उष्णतेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे द्रव्य सुलतानपूरपासून सुमारे बारा किलोमीटरवर उपलब्ध होते, एवढे निश्चित.

सामान्य रयतेस शोऱ्याचा थंडावा परवडणारा नव्हता. तिचा आधार माठ, वाळा आणि वस्त्र हाच होता. मातीच्या माठातून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होऊन आतील पाणी थंड होते. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडल्यास तीमधून येणारा वारा गार होतो. आजचा वऱ्हाडातील घरोघरीचा कूलर हे याच ताटीचे यांत्रिक रूप आहे. डोक्यास गुंडाळलेले पागोटे किंवा दुपट्टा सूर्याचे प्रारण अडवितो आणि घाम शोषून त्याची वाफ होऊ देतो. कैरीचे पन्हे व मीठ घातलेले ताक पाण्याबरोबर क्षारही पुरवितात. याउलट खिशात कांदा बाळगल्याने ऊन लागत नाही, या समजुतीस कोणताही भौतिक आधार नाही.

तथापि देशी परंपरेतील सर्वांत परिणामकारक उपाय वस्तूंचा नसून वेळेचा होता. भल्या पहाटे औत जुंपणे, ऊन चढण्यापूर्वी सोडणे, दुपार झाडाखाली काढणे आणि दिवस कलल्यावर पुन्हा कामास लागणे, ही रीत उष्णतेच्या जमाखर्चाच्या दृष्टीने अचूक होती. मात्र तिच्यासाठी आपल्या वेळेवर आपला अधिकार असावा लागतो. स्वतःच्या शेतात राबणाऱ्यास तो काही अंशी होता, दुसऱ्याच्या बांधावर जाणाऱ्यास तो नव्हता.

वसाहतकाळ : कोणाचा देह मोजला गेला ?

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वैद्यकाने उष्माघाताची दखल घेतली, ती प्रामुख्याने गोऱ्या सैनिकाच्या संदर्भात. बराकींची रचना, कवायतीच्या वेळा, पंखे, वाळ्याच्या ताट्या आणि शोल्याच्या भेंडाची टोपी या सर्वांचा विचार त्याच्यासाठी झाला. सूर्यकिरणांतील काही विशिष्ट घटक कवटी व पाठीचा कणा भेदून इजा करतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती आणि त्यामुळे पाठीवर जाड कापडाची गादी बांधली जाई. या गादीमुळे घामाची वाफ होण्यास अडथळाच येत असे.

एतद्देशीय मनुष्य उष्म्यास जन्मतःच सरावलेला असतो, हा त्या काळातील समज अधिक दूरगामी ठरला. देह उष्म्यास सरावतो, हे सत्य आहे. सात ते चौदा दिवस उष्ण हवेत श्रम केल्यास घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील क्षार घटतात. परंतु हा सराव वंशाने मिळत नाही आणि काही आठवडे खंड पडल्यास तो नाहीसा होतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९२० च्या दशकात मजुरांचे उष्माघाताने मृत्यू होऊ लागल्यानंतर नव्या मजुरांस क्रमाने सराव देण्याची पद्धत सुरू झाली. सैन्य आणि खाण या दोन क्षेत्रांत हे ज्ञान वाढले, कारण तेथे मनुष्यबळाची हानी मालकाच्या हिशेबात दिसत होती. शेतमजुराची हानी कोणाच्याच हिशेबात दिसत नव्हती.

दुष्काळी कामे आणि मजुराचा देह

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील लक्षावधी शेतकऱ्यांस व मजुरांस खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर आणले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली होती. या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. भुकेविरुद्धच्या लढ्यातील हे महाराष्ट्राचे मोठे योगदान होय.

उष्णतेच्या दृष्टीने मात्र या कामांत एक अंगभूत पेच होता. शेतीची कामे संपतात त्या उन्हाळ्यातच अशा कामांची गरज सर्वाधिक असते आणि मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापानुसार मिळते. देह थांबावयास सांगतो, तेव्हा मजुरी चालावयास सांगते. ऊन लागू नये म्हणून घेतलेली प्रत्येक विश्रांती मजुरीतून वजा होते. त्यातही गर्भवती स्त्रिया, वृद्ध व अर्धपोटी व्यक्ती यांची राखीव क्षमता मुळातच कमी असते. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, लहान मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचार यांची तरतूद होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमानेही कामाच्या खोलीत वायुवीजन व सुसह्य तापमान राखणे बंधनकारक केले होते. परंतु ज्याच्या कामाच्या जागेस छतच नाही, त्या शेतमजुरास खोलीचे हे संरक्षण लागू पडणारे नव्हते.

मोजणीचा प्रश्न

उष्म्याच्या इतिहासातील अखेरचा प्रश्न नोंदीचा आहे. हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, लाकडी झडपांच्या पेटीत. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, कारण तिच्यामुळे गावोगावच्या नोंदींची तुलना करता येते. परंतु उन्हात काम करणाऱ्या देहावर पडणारा भार त्या आकड्यात नसतो. यासाठी १९५७ मध्ये याग्लू आणि मिनार्ड यांनी अमेरिकी सैनिकांसाठी एक संयुक्त निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फुग्याच्या तापमानास ७० टक्के, प्रारण मोजणाऱ्या काळ्या गोलकास २० टक्के आणि हवेच्या तापमानास केवळ १० टक्के भार दिला आहे.

केवळ पाऱ्याकडे पाहणे किती अपुरे आहे, याचा प्रत्यय १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे आला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्या मैदानातील सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात नोंदविलेले कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते, म्हणजे वऱ्हाडच्या मानाने सौम्यच. मात्र किनाऱ्यालगतची दमट हवा व तासन्‌तासांचे थेट ऊन यांनी घामाचा मार्ग निकामी केला. वऱ्हाडातही जूनच्या आरंभी पाऱ्याची उतरण सुरू होते, आभाळ भरून येते आणि कूलर निरुपयोगी ठरतो. नेमक्या याच काळात पेरणीची घाई असते.

मृत्यूच्या नोंदीतही असाच फरक पडतो. उन्हात काम करून घरी परतलेला वृद्ध रात्री हृदयविकाराने गेला, तर त्याच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असेच लिहिले जाते. अहमदाबाद शहरात मे २०१० मधील उष्ण लाटेच्या अभ्यासात नेहमीच्या तुलनेत १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्मा कृती आराखडा तयार केला आणि २०१६ पासून नागपूरनेही असा आराखडा स्वीकारला. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात तापमान ४५ अंशांपलीकडे गेल्यावर प्रशासनाने ३१ मेपर्यंत जमावबंदीचे कलम १४४ लागू केले. उष्म्यास कायदा व सुव्यवस्थेच्या कलमाने तोंड द्यावे लागणे, हे श्रमाचे नियमन करणारी स्वतंत्र व्यवस्था अपुरी असल्याचेच निदर्शक आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, देशी परंपरा आणि प्रयोगशाळा या दोन्ही मार्गांनी मनुष्य एकाच तत्त्वापर्यंत पोहोचला. ते तत्त्व म्हणजे उष्ण प्रदेशात देहाचे रक्षण बाष्पीभवनाने आणि श्रमाच्या योग्य वेळेने होते. दुसरी, देहाच्या सहनशक्तीचे मापन सैनिक आणि खाणमजूर यांच्यासाठी झाले, शेतमजूर त्या मापनाच्या बाहेर राहिला. तिसरी, उष्म्यास सरावलेला देह ही जन्मजात देणगी आहे, हा समज शास्त्रास धरून नाही आणि त्याच्या आधारे मजुराच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

सुलतानपूरसारख्या गावात या ज्ञानाचा उपयोग खर्चिक साधनांवाचूनही होऊ शकतो. पहाटे लवकर कामास आरंभ, मोजमापाच्या मजुरीत उन्हाळी विश्रांतीचा अंतर्भाव, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात हलके काम, बांधावर पाणी व सावली, प्राथमिक आरोग्य केंद्रात थंड पाण्याने तत्काळ उपचाराची सोय आणि ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत उन्हातील श्रमाचा उल्लेख, एवढ्या बाबी साध्य होण्याजोग्या आहेत. मानवी देहाची सीमा गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत बदललेली नाही आणि पुढेही ती बदलण्याची शक्यता नाही. बदलता येण्याजोगे आहेत ते कामाचे तास, मजुरीचे नियम आणि नोंदीची पद्धत. त्या बदलाचा आरंभ घाटावरील आणि घाटाखालील रानांतून व्हावा, ही या इतिहासाच्या अभ्यासातून पुढे येणारी अपेक्षा होय.